बॅटलटेकचा रोबो रंगवला, पण खेळण्यासारखा दिसतोय. जुना, वापरलेला कसा करायचा?

रानवाट_नाशिक

नमस्कार मंडळी, इथे मिनिएचर (खेळातले छोटे पुतळे) रंगवणारे चारपाच जण तरी आहेत हे माहितीये म्हणून धागा काढतोय. मावसभावाने येताना बॅटलटेकचा मोठा बॉक्स आणला, त्यात आठ रोबो आहेत (खेळात त्यांना मेक म्हणतात). आम्ही चौघे रविवारी खेळतो आणि आत्तापर्यंत सगळे राखाडी प्लास्टिकचेच हलवत होतो. यावेळी ठरवलं की निदान माझा शॅडो हॉक तरी रंगवून आणायचा.

काय केलं ते सांगतो. प्रायमर मारला, मग ऑलिव्ह हिरवा, खाचांमध्ये काळपट वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडला. इथपर्यंत बरं दिसत होतं. मग व्हिडिओत बघून फोमच्या तुकड्याने चंदेरी रंगाचे टवके काढायला गेलो. सगळीकडे काढले, छातीवर, खांद्यावर, मांड्यांवर. मुलगी म्हणाली बाबा हा काजूकतलीसारखा दिसतोय, आणि तिचं बरोबर आहे, वर्ख लावल्यासारखाच दिसतोय.

तर प्रश्न असे: टवके नेमके कुठे आणि कुठल्या रंगाचे काढायचे? गंज दाखवायचा का? आणि शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारायचाय, बाहेर धो धो पाऊस चालू आहे, मारू का? हे सगळं काढून पहिल्यापासून करावं लागलं तरी तयारी आहे.

गॅरेज_७

आधी वार्निशचं, कारण ते चुकलं तर परत फिरायला अवघड: पावसात स्प्रे मारू नका. बाकी सावकाश लिहितो.

पाटीपेन्सिल

बॅटलटेक म्हणजे काय हो? बुद्धिबळासारखं का?

गॅरेज_७

@पाटीपेन्सिल, षटकोनी घरांच्या नकाशावर खेळतात. प्रत्येकाकडे दोनचार मेक, वीस टनांपासून शंभर टनांपर्यंत, फासे टाकून नेम लागला का ते बघायचं आणि कागदावर चिलखताचे गोल खोडत जायचे. १९८४ साली अमेरिकेत बॅटलड्रॉइड्स नावाने आला, पण ड्रॉइड हा शब्द लुकासफिल्मच्या मालकीचा निघाला म्हणून पुढच्याच वर्षी बॅटलटेक झाला. यातली खरी मजा उष्णतेत आहे. जितकी शस्त्रं डागाल तितका मेक तापतो, फार तापला की बंद पडतो, त्यामुळे दर वेळी सगळं डागायचं की थोडं राखायचं हा विचार करावा लागतो.

आता @रानवाट. तुमच्या टवक्यांची अडचण रंगापेक्षा मापाची आहे. हे मेक १:२८५ च्या प्रमाणात आहेत, म्हणजे पुतळ्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या यंत्रावर साडेअठ्ठावीस सेंटीमीटर, जवळजवळ एक फूट. चार सेंटीमीटरचा मेक म्हणजे साडेअकरा मीटर, तीनमजली इमारत झाली. फोमने सहज उमटलेला दोन मिलिमीटरचा ठिपका म्हणजे दोन फुटांचा रंग उडालाय. असे पन्नास ठिपके असतील तर ते यंत्र वापरलेलं दिसत नाही, त्याला रोग झालेला दिसतो. मोठ्या रणगाड्यांच्या मॉडेलचे व्हिडिओ बघून आपण तेच इथे करतो, पण ते १:३५ चे असतात, आठपट मोठे, तिथे ते खपून जातं.

त्यामुळे टवके फक्त कडांवर. जिथे पाय घासतो, जिथे दार उघडतं, जिथे हात आपटतो. आणि चंदेरी नको, गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. रंग उडाल्यावर खाली लगेच चकचकीत धातू दिसत नाही, आधी प्रायमर आणि मळ दिसतो. सगळं झाल्यावर अगदी तीनचार ठिकाणी, तपकिरीच्या पोटात टोकाने एक चंदेरी बिंदू द्या, बास.

फोम कात्रीने कापू नका, फाडा. कापलेल्याची कड सरळ येते आणि ठसा चौकोनी उमटतो. रंगात बुडवून टिश्यूवर इतका टिपा की आता काही उमटणारच नाही असं वाटेल, तेव्हा तो तयार झाला.

मधुरा_न्यूजर्सी

गॅरेज यांनी मापाचं सांगितलं ते लाखमोलाचं आहे. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

काढून टाकायची अजिबात गरज नाही. चंदेरी ठिपक्यांवर मूळ हिरवा पातळ करून बारीक ब्रशने परत लावा, ठिपका सगळा झाकू नका, कडेकडेने आत येत या. मोठा टवका आपोआप लहान होतो आणि आकारही वेडावाकडा, खरा वाटेल असा येतो. उरलेल्या चंदेरीवर तपकिरी. म्हणजे उलट्या दिशेने तेच काम.

स्वच्छ_सैनिक

मी थोडं वेगळं बोलतो. हे सगळं करायचंच कशाला? खेळाचा पुतळा टेबलावर हातभर लांबून बघायचा असतो. तिथून टवके, ओघळ, गंज काहीही दिसत नाही, फक्त मळकट दिसतं. स्वच्छ रंग, कडांना फिकट रेघ, खाचा गडद, कॉकपिटची काच चमकदार आणि पथकाचा एखादा ठळक पट्टा, एवढं केलं की कोणाचा मेक कुठला हे लांबून ओळखू येतं. शिवाय खरं सैन्य गाड्या धुतं हो. पुण्यात कॅम्पात राहिलोय लहानपणी, तिथे धूळ खात उभी राहिलेली लष्करी गाडी बघितल्याचं आठवत नाही.

ओली_माती

@स्वच्छ_सैनिक, कॅम्पातली गाडी धुतलेली असते, मान्य. चिखलातून नुकती आलेली नसते. मेक लढतोय ना त्या षटकोनावर?

स्वच्छ_सैनिक

लढतोय, पण त्याचा रंगही दिसला पाहिजे. लांबून कॉन्ट्रास्ट मेला की पुतळा मेला. हे मी माझ्या अनुभवाने सांगतो, माझे पहिले सहा असेच तपकिरी लगद्यात गेले.

टूलरूम_भोसरी

मी खेळत नाही पण पुतण्याचे दोन रंगवून दिलेत. पंचवीस वर्षं टूलरूममध्ये काढली त्यामुळे तापलेल्या लोखंडाबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे, आणि गॅरेज यांनी उष्णतेचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही.

नळीच्या टोकाला निळा जांभळा रंग देतात ना, बहुतेक जण त्याचा क्रम चुकवतात. घासून स्वच्छ केलेलं पोलाद तापवलं की साधारण सव्वादोनशे अंशाला फिकट पिवळं होतं, गवताच्या काडीसारखं. मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळं, तीनशेला निळं, त्याच्या पुढे राखाडी. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे निळा-राखाडी आणि तिथून लांब जाल तसं जांभळा, तपकिरी, शेवटी पिवळा. उलट केलं तर ज्याने कधी टूल टेम्पर केलंय त्याला लगेच खटकतं. बुलेटचा सायलेन्सर बघा, इंजिनाजवळचा वाक निळा, पुढे सोनेरी.

आणि हे फक्त उघड्या धातूवर. रंगवलेल्या पत्र्यावर असे रंग येत नाहीत, तिथे रंग जळतो, काळा पडतो, पोपडे येतात. त्यामुळे आधी नळी धातूच्या रंगात घ्या आणि मग वर हे रंग अगदी पातळ, पाण्यासारखे.

रानवाट_नाशिक

@टूलरूम_भोसरी काका, हे सोनं आहे. शॅडो हॉकला डाव्या खांद्यावर मोठी तोफ आहे आणि उजव्या हातात लेझर. मग तोफेलाही हे रंग द्यायचे का?

टूलरूम_भोसरी

तोफेतून दारू जळते ना? मग तिच्या तोंडाला काजळी जास्त. लेझरला काजळी कुठून येणार, तिथे तापल्याचे रंग द्या. एकाच पुतळ्यावर दोन वेगळ्या खुणा झाल्या की बघणाऱ्याला न सांगता कळतं कुठलं शस्त्र काय आहे.

गॅरेज_७

वा! याच मेकला क्षेपणास्त्रंही आहेत, त्यांच्या भोकांभोवती हलका राखाडी धूर. आणि शॅडो हॉक उडी मारतो, पाठीत जंप जेट आहेत, ते विसरू नका. पाठ कोणी रंगवत नाही पण खेळताना स्वतःच्या मेकची पाठच आपल्याला सगळ्यात जास्त दिसते.

ओली_माती

गंजाबद्दल मी लिहिते. आमच्या सावंतवाडीकडे लोखंड आणि गंज यांचा संसार आम्ही रोज बघतो. खिडकीची ग्रिल घ्या. उभे गज वर्षानुवर्षं टिकतात, गंज कुठे धरतो तर खालच्या आडव्या पट्टीवर, वेल्डिंगच्या सांध्यात, जिथे पाणी साचून राहतं तिथे. आणि भिंतीवर ओघळ कुठून सुरू होतो तर त्या सांध्यापासून, वरून बारीक, गडद आणि खाली जाता जाता फिका. गंजाचे रंगही दोन, नवीन असेल तो नारिंगी आणि जुना असेल तो काळपट तपकिरी. सगळीकडे एकच नारिंगी फासला की पपईचा रस सांडल्यासारखं दिसतं.

माझं मत विचाराल तर रोज वापरात असलेल्या यंत्राला गंज फार नको. जेसीबीचा बकेट बघा, दातांना गंज टिकतच नाही, मातीत घासून लखलखीत असतात. गंज उभ्या राहिलेल्या जेसीबीला. त्यामुळे तुमचा मेक दर रविवारी लढत असेल तर पायाचे तळवे घासलेले आणि गंज फक्त कुठल्यातरी बोल्टखाली.

मातीचं मात्र करा. पण पायाला लागलेली माती आणि बेसवरची (पुतळ्याखालच्या चकतीवरची) माती एकच हवी, हे नव्वद टक्के लोक विसरतात. बेस वाळवंटाचा आणि पायाला काळा चिखल. तुम्ही नाशिकचे, काळी माती घ्या, मी आमची तांबडी घेते. चिऱ्याच्या खाणीतली भुकटी चहाच्या जुन्या गाळणीने गाळली, मग फडक्यातून परत गाळली, कारण गॅरेज म्हणतात ते माप इथेही आहे, एक मिलिमीटरचा खडा म्हणजे फूटभर धोंडा. पायाला लावायला सॉफ्ट पेस्टलचा खडू ब्लेडने खरवडून पूड केली. गुडघ्याच्या वर माती न्यायची नाही, आणि तळव्याकडे दाट, वर विरळ.

पाटीपेन्सिल

मी फक्त बुद्धिबळ आहे का विचारलं होतं, आता ग्रिल बघत बसलोय 🙂 खरंच खालच्या पट्टीवरच गंज आहे.

पेणकर

घरात गणपतीचा कारखाना आहे, मेक रंगवायला लागून तीन वर्षं झाली. प्रायमर आणि पावसाचं मी सांगतो, कारण आमचा सगळा सीझन पावसातच जातो.

हवा दमट असताना स्प्रे वार्निश मारलं की थर सुकता सुकता ओल धरतो आणि वर पांढुरकी झाक येते, भस्म फासल्यासारखी. मागच्या जुलैत माझ्या एका मेकचं तेच झालं. कॅन हलवला नव्हता असं नाही, चांगला दोन मिनिटं हलवला होता, हवाच तशी होती. बऱ्याचदा वरून ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात ब्रशने दिला की ती झाक बरीचशी जाते, माझी गेली, मग कोरड्या दिवशी परत मॅट केलं. पण जुगार कशाला खेळायचा. पावसाळ्यात ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वार्निश घ्या. पातळ दोन हात, बाटली नीट हलवून, खाचेत डबकं साचू द्यायचं नाही. घाई असेल तर खोलीचं दार लावून तास दोन तास दिवा आणि पंखा लावून ठेवा, आम्ही मूर्ती अशाच सुकवतो.

पुढच्या वेळी प्रायमरच्या आधी मेक कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल प्लास्टिकवर राहतं आणि रंग धरत नाही.

आणि कॉकपिट शेवटी करा. आमच्याकडे डोळ्यांची आखणी शेवटी असते, सगळा गणपती रंगवून झाला तरी आखणी होईपर्यंत तो बघत नाही. मेकचंही तसंच आहे. काचेला आधी गडद निळा, खालच्या कोपऱ्याकडे जाता जाता फिका, अगदी खालच्या कडेला जवळजवळ पांढरा, आणि वरच्या गडद कोपऱ्यात एक पांढरा बिंदू. माझे मोठे काका, ज्यांनी हजारो आखण्या केल्या, त्यांना पहिला मेक दाखवला तेव्हा त्यांनी बाकी काही बघितलं नाही, तो बिंदू बघितला आणि म्हणाले हात स्थिर आहे.

मधुरा_न्यूजर्सी

@पेणकर, तुमच्या काकांचं वाचून फार बरं वाटलं.

स्वच्छ_सैनिक यांच्या मुद्द्यावर: कॉन्ट्रास्ट मरतो हे खरंय, पण तो मळवल्यामुळे मरत नाही, सगळीकडे सारखाच वॉश फासल्यामुळे मरतो. म्हणून मी ॲक्रिलिक वॉश सोडून ऑइल कलरकडे वळले. भारतात गेले की कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूबा घेऊन येते, बर्न्ट अंबर आणि काळा एवढ्या दोनच पुरतात, एक ट्यूब मेकच्या पलटणीला जन्मभर.

पद्धत अशी. रंगकाम झाल्यावर ग्लॉस वार्निश, पूर्ण एक दिवस सुकू द्यायचं. मग ऑइल रंग चहासारखा पातळ करून बारीक ब्रशचं टोक फक्त खाचेला टेकवायचं, तो आपला आपण खाचेतून धावतो. ग्लॉसमुळे धावतो, मॅटवर लगेच पसरून डाग पडतो. वीस पंचवीस मिनिटांनी पातळ करायच्या द्रवात किंचित ओला केलेला कापूसकाडा घेऊन वरचं पुसायचं, वरून खाली. खाचेतला राहतो, सपाट भागाचा हिरवा परत स्वच्छ निघतो. ओघळ हवे असतील तर सांध्याखाली ऑइलचा एक ठिपका, टाचणीच्या डोक्याहून लहान, आणि ओलसर ब्रशने खाली ओढायचा. आवडला नाही तर पुसून टाकायचा, दुसऱ्या दिवशीसुद्धा पुसता येतो. ज्याला चुकायची भीती आहे त्याच्यासाठी याच्यासारखं माध्यम नाही.

एक महत्त्वाचं. रंगाच्या दुकानात पातळ करायला काय हवं असं मोघम सांगितलं तर कधीकधी एनसी थिनर हातात देतात. तो चालत नाही, तो ॲक्रिलिक उतरवतो आणि प्लास्टिक खातो. टर्पेंटाईन मागा, एमटीओ (मिनरल टर्पेंटाईन) म्हणून मिळतं तेही चालेल. खिडकी उघडी ठेवा, आणि या कामात ब्रशला टोक काढायला तोंडात घालायचा नाही.

इडलीचटणी

कॅमल! शाळेतली ती बारा रंगांची पेटी. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्यांपासून सुरुवात केली आणि तिथून हे सगळं उभं राहिलं, आता त्याच रंगांनी कोणी यंत्रमानवाचे ओघळ काढतंय हे वाचून आनंद झाला. माझ्या पेटीतला पांढरा नेहमी पहिल्यांदा संपायचा.

ओली_माती

पांढरा सगळ्यांचाच संपायचा. आणि जांभळा कोणीच वापरायचं नाही, आता टूलरूम काकांमुळे लागेल.

गॅरेज_७

पेस्टलची पूड करताना मास्क लावा सगळ्यांनी, ती फार हलकी असते. आणि मास्क नसेल तरी फुंकर मारू नका, सगळी परत तोंडावर येते.

हेअरस्प्रेची पद्धत कोणी सुचवली नाही म्हणून लिहितो: गंजाचा रंग, त्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, वर मुख्य रंग, आणि तो ताजा असतानाच पाण्याने ओला करून ब्रशने खरवडायचा. मोठ्या मॉडेलवर अप्रतिम. या मापात मात्र टवका हवा तितका लहान उडत नाही, मी दोनदा करून बघितलं, दोन्हीदा अर्धा खांदा सोलून आला. मेकसाठी फोम आणि बारीक ब्रशच बरा.

स्वच्छ_सैनिक

@मधुरा, ऑइल पुसून सपाट भाग स्वच्छ ठेवायचा असेल तर माझी हरकत नाही. उलट मी जे म्हणतोय तेच आहे हे. फक्त पथकाच्या पट्ट्यावर ओघळ नेऊ नका, तेवढं ऐका.

रानवाट_नाशिक

मंडळी, अकरा दिवसांनी येतोय, सांगितलेलं एकेक करत होतो.

चंदेरी ठिपके मधुराताईंच्या पद्धतीने हिरव्याने आत आत झाकत आणले, तीन रात्री लागल्या. आधी मोजले होते, छातीवरच एकोणीस होते, आता चार आहेत आणि चारही कडेला. तपकिरी दिला, चंदेरी फक्त दोन्ही पायांच्या पुढच्या बोटांना ठेवलं, जेसीबीच्या दातांसारखं. गंज एकच, डाव्या गुडघ्यामागच्या सांध्यात, आणि तिथून एक ओघळ. माती अंगणातली काळी, वाळवून गाळलेली, बेसवर तीच आणि पायाला तिच्याशी जुळणारी पेस्टल. खांद्यावर पांढरा पट्टा मारला, @स्वच्छ_सैनिक तो स्वच्छ आहे.

लेझरच्या नळीचे रंग पहिल्यांदा उलटेच झाले होते, काकांचा प्रतिसाद परत वाचला आणि पुसून परत केले. कॉकपिट काल रात्री केलं. पहिला बिंदू मोठा झाला, झाकला, दुसरा बरोबर बसला. मुलगी शेजारी बसून बघत होती, बिंदू पडल्यावर म्हणाली आता हा बघतोय. मी तिला पेणकरांचा प्रतिसाद दाखवलाच नव्हता.

दोन फोटो टाकलेत, पुढून आणि मागून. वार्निश अजून केलं नाहीये, जंप जेटची काजळी परवाच ऑइलने केली.

पेणकर

बिंदू सुंदर बसलाय. काकांना दाखवतो.

मधुरा_न्यूजर्सी

गुडघ्यामागचा तो एकच ओघळ कमाल आहे. इतका कमी की शोधावा लागतो, आणि सापडला की नजर तिथेच राहते.

टूलरूम_भोसरी

पुढचा फोटो फर्स्ट क्लास. नळीचा क्रम बरोबर. मागच्या फोटोत एक सांगू का, जेटची तोंडं खाली आहेत आणि काजळी तुम्ही वर नेलीय, धुराड्यासारखी. ज्वाला खाली सुटते, तेव्हा काळं तोंडापाशी आणि तिथून खाली, मांडीच्या मागच्या बाजूला हवं. वर अगदी थोडं, उतरताना उडतं तेवढंच.

रानवाट_नाशिक

बघितलं. खरंच की, वर गेलीय. वार्निश केलं नाही ते बरं झालं. बोट लावून बघितलं, अजून थोडं ओलसर आहे. टर्पेंटाईनची बाटली काढली, आज रात्रीच खाली ओढतो.